जुनं आहे म्हणजे तपासलेलं आहे?

"पाच हजार वर्षं कोट्यवधी चिनी बायका हेच घेत आल्या. त्या सगळ्या काय मूर्ख होत्या?" बेंगळुरूतल्या हेब्बाळमध्ये मराठी मंडळी जमली आणि लघवीच्या जळजळीचा विषय निघाला, की बोलणं कधी ना कधी ह्या प्रश्नाशी येऊन थांबतं. विषय निघतोही वारंवार. मान्यता टेक पार्कमधली किंवा विमानतळाच्या बाजूची नोकरी, बेल्लारी रोडवरची कोंडी, वाटेत कुठे जायची सोय नाही म्हणून सकाळपासून घोटभर पाणी पिऊन काढलेला दिवस. वर्षातून दोन-तीनदा 'उन्हाळी लागली' म्हणणाऱ्या बायका इथे कमी नाहीत. मग कुणीतरी ऑनलाइन मागवलेल्या चिनी गोळ्यांची बाटली पुढे करतं, कुणी अ‍ॅक्युपंक्चरवाल्याचा नंबर देतं, आणि शंका काढणाऱ्या माणसाच्या तोंडावर हा पाच हजार वर्षांचा प्रश्न फेकला जातो. मला ह्या प्रश्नाचा कंटाळा आला आहे, म्हणून एकदा त्याचं नीट उत्तर देते.

आधी समोरचा पक्ष त्यांच्याइतक्याच जोरात मांडते, म्हणजे नंतर विपर्यासाची तक्रार नको. अँटिबायोटिक जंतू मारतं पण आजाराचं मूळ तसंच ठेवतं, म्हणून तर महिन्याभरात दुखणं परत येतं. चिनी वैद्यक मुळाशी जातं, शरीराच्या खालच्या भागात साठलेली दमट उष्णता बाहेर काढतं. औषध झाडपाल्याचं, सबब अपाय नाही. हजारो वर्षांच्या वापरातून तावून-सुलाखून निघालेलं, सबब वेगळ्या चाचणीची गरज नाही. चाचण्या मागतात त्या औषध कंपन्या, कारण त्यांचा धंदा बुडतो. आणि ह्या सगळ्यावर शेवटचा घाव: "मला स्वतःला फरक पडला ना!"

हे बोलणारी माणसं अडाणी नाहीत. दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमधल्या चुका शोधण्याचा ती पगार घेतात. 'बरीच वर्षं चालतंय' एवढ्या भांडवलावर त्यांनी एखादी प्रणाली न तपासता पुढे पाठवली, तर दुसऱ्या दिवशी नोकरी जाईल. तीच माणसं बाटलीवरचं एक अक्षर वाचता येत नसताना आतली गोळी गिळतात. गंमत म्हणजे आजीने धण्या-जिऱ्याचं पाणी दिलं, सब्जा भिजवला, जवाचं पाणी उकळलं आणि 'उष्णता झालीय गं' म्हणाली, तर ते जुनाट. तीच उष्णता चिनी लेबल लावून आली की प्राचीन विज्ञान. आजीच्या पाण्याने निदान पोटात पाणी तरी जात होतं.

आता त्या पाच हजार वर्षांकडे बघू. चिनी वैद्यकात लघवीच्या ह्या तक्रारींना 'लिन' म्हणतात. उष्णतेचं लिन, खड्याचं लिन, रक्ताचं लिन असे त्याचे प्रकार मानतात. उष्णतेच्या लिनवरचा सगळ्यांत नावाजलेला पाठ म्हणजे 'बा झेंग सान'. सोंग राजवटीतल्या सरकारी औषधालयाच्या सूत्रसंग्रहात, साधारण बाराव्या शतकात, तो नोंदला गेला. म्हणजे पाच हजारांतली चार हजार शंभर वर्षं इथेच गळाली. तरी नऊशे वर्षंही थोडी नव्हेत, म्हणून पुढे जाऊ. ह्या पाठातले घटक वाचताना आपल्याला घरच्यासारखं वाटतं. इसबगोलाच्या कुळातल्या एका वनस्पतीचं बी आहे, ज्येष्ठमध आहे, रेवाचिनी आहे, शंखजिरं आहे. आणि 'मु तोंग' नावाची एक वेल आहे. माझं भांडण सुरू होतं ते ह्या वेलीपाशी.

जुन्या पाठातला मु तोंग म्हणजे अकेबिया नावाची वेल, असं वनस्पतीचे अभ्यासक सांगतात. विसाव्या शतकात बाजारात तिच्या जागी ईशान्य चीनमधून येणारी दुसरीच वेल बसली. तिचं नाव ग्वान मु तोंग, शास्त्रीय नाव अ‍ॅरिस्टोलोकिया मांचुरिएन्सिस. १९६३ च्या चिनी औषधसंहितेत तिला अधिकृत जागा मिळाली. लगेच पुढच्या वर्षी, १९६४ मध्ये, ज्यांगसू प्रांतातल्या एका वैद्यक नियतकालिकात मु तोंग घेतल्यावर मूत्रपिंडं अचानक निकामी झालेल्या दोन रुग्णांची हकिकत छापून आली. चीन सरकारने ग्वान मु तोंगचा वापर बंद केला तो २००३ मध्ये. मधली एकोणचाळीस वर्षं ही वेल लघवी साफ होण्यासाठी, यकृताची उष्णता काढण्यासाठी, कातडीच्या विकारांसाठी पोटात जात राहिली. घेणाऱ्या प्रत्येकाला वाटत होतं, आपण नऊशे वर्षांची परंपरा गिळतो आहोत. प्रत्यक्षात ते कालपरवा बाजारात घुसलेला बदली माल गिळत होते. आणि ज्या अवयवासाठी औषध घेतलं, तोच अवयव ते औषध मारत होतं.

तर कोट्यवधी बायका मूर्ख होत्या का? मुळीच नाहीत. त्यांना दिसत नव्हतं. कसं दिसणार होतं?

हा 'कसं' नीट समजून घेण्यासारखा आहे. ग्वान मु तोंगच्या कुळातल्या वेलींमध्ये अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. ते आतड्यातून रक्तात जातं. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नळ्यांच्या पेशी रक्तातून जे पदार्थ उचलून लघवीत टाकतात, त्यांत त्या हेही उचलतात. पेशीत गेल्यावर त्याचं रूपांतर होऊन ते थेट डीएनएला चिकटतं आणि तिथे वर्षानुवर्षं राहतं. नळ्यांभोवती हळूहळू व्रणासारखा चिवट तंतू धरतो. दुखत नाही, ताप नाही, लघवीतून फारसं प्रथिनही जात नाही. माणूस डॉक्टरांकडे जातो तो थकवा आणि रक्तक्षयाची तक्रार घेऊन, आणि तपासणीत क्रिएटिनिन आधीच वर गेलेलं असतं. पुढे आणखी काही वर्षांनी त्याच डीएनएमधल्या बिघाडातून मूत्रमार्गाच्या अस्तराचा कर्करोग उभा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था ह्या आम्लाला पहिल्या गटात धरते. तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस ह्याच गटात आहेत.

आता एखादा अत्यंत हुशार, प्रामाणिक वैद्य डोळ्यांसमोर आणा. सोंग राजवटीतला घ्या, नाहीतर आपल्या कोल्हापूर-बेळगाव भागातला घ्या. एखाद्या पाल्याने तासाभरात ओकारी झाली, जुलाब लागले, डोळे फिरले, तर तो त्याच दिवशी ओळखेल आणि तो पाला पुन्हा कुणाला देणार नाही. परंपरेची ही ताकद मला पूर्ण मान्य आहे. हजारो वर्षांत माणसाने हेच शहाणपण जमवलं आणि आपण त्यावर जगतो. पण आज दिलेल्या काढ्याने आठ वर्षांनी रक्त कमी होतं आणि वीस वर्षांनी गाठ येते, हे तो कशावरून ओळखणार? तोवर रोगी दुसऱ्या गावी गेलेला असतो, मध्ये दहा औषधं झालेली असतात, बाळंतपणं झालेली असतात, दुष्काळ येऊन गेलेला असतो. वैद्याकडे वर्षानुवर्षांच्या नोंदींची वही नाही, क्रिएटिनिनची तपासणी नाही, काढा न घेतलेल्या माणसांशी तुलना करायची सोय नाही. लघवी मोकळी झाली एवढं त्याला दिसलं, तेवढं त्याने लिहून ठेवलं. त्याचं काय चुकलं? चुकतं आपलं. 'त्यांना अपाय दिसला नाही' ह्याचा अर्थ आपण 'अपाय नव्हता' असा लावतो.

तैवानने ही किंमत सगळ्यांत जास्त मोजली. तिथल्या आरोग्य विम्याच्या नोंदींवरून दिसलं, की १९९७ ते २००३ ह्या काळात सुमारे एक तृतीयांश लोकांना हे आम्ल असण्याची शक्यता असलेली औषधं लिहून दिली गेली होती. मूत्रमार्गाच्या वरच्या भागाच्या कर्करोगाचं तैवानमधलं प्रमाण जगात सर्वांत जास्त गणलं जातं. २०१२ मध्ये तिथल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांच्या मूत्रपिंडात ह्या आम्लाचा डीएनएला चिकटलेला ठसा सापडला. हे काही औषध कंपन्यांनी रचलेलं कुभांड नव्हे. चिनी औषधावर आपल्याहून कितीतरी जास्त श्रद्धा असलेल्या देशातल्या संशोधकांनीच हे शोधलं.

ब्रुसेल्सची गोष्ट त्याआधीची. तिथल्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्याने १९९० मध्ये आपल्या गोळ्यांत दोन चिनी वनस्पती वाढवल्या. त्यांतली एक असायला हवी होती 'फांग जी'. आली 'ग्वांग फांग जी', म्हणजे पुन्हा तीच अ‍ॅरिस्टोलोकियाची जात. तरुण, धडधाकट बायकांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. १९९३ मध्ये व्हॅनहेर्वेघेम आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये पहिल्या नऊ जणींची हकिकत छापली. पुढे हा आकडा शंभरावर गेला. कर्करोगाच्या भीतीने त्यांतल्या ३९ जणींची निकामी मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या काढून तपासल्या, तेव्हा १८ जणींमध्ये कर्करोग सापडला. ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये दोघींची मूत्रपिंडं गेली. त्या दोघी इसबासाठी चिनी पाल्याचा चहा घेत होत्या आणि त्यात मु तोंग होता.

इथे समोरून ठरलेला बचाव येतो: "ती तर चुकीची वनस्पती होती, त्यात चिनी वैद्यकाचा काय दोष?" अहो, पण तुमच्या बाटलीत बरोबर वनस्पती आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? ब्रुसेल्समध्ये औषध लिहून देणारे डॉक्टरच होते, तरी त्यांना ओळखता आली नाही. तुम्ही ओळखणार? वाळवून, कुटून, गोळी वळून झाल्यावर वेल कुठल्या कुळातली होती हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो, रासायनिक तपासणी लागते, नमुन्यांचं संग्रहालय लागतं. म्हणजे तुम्ही ज्याला 'पाश्चात्त्य' म्हणून झिडकारता, नेमकं तेच लागतं. हेब्बाळमध्ये बसून हा वाद घालताना तर मला जास्तच हसू येतं. वनस्पतींचा अभ्यास शिकवणारं शेतकी महाविद्यालय इथे १९४६ मध्येच निघालं. इथून थोडं उत्तरेला, येलहंक्याच्या बाजूला, दर्शन शंकर ह्यांनी उभी केलेली एफआरएलएचटी ही संस्था आहे. ती १९९३ ची, योगायोगाने 'लॅन्सेट'मधल्या त्या लेखाच्याच वर्षाची. भारतीय औषधी वनस्पतींचे वाळवलेले नमुने नाव-गाव-तारखेसह जपून ठेवण्याचं काम तिथे चालतं. परंपरेवर मनापासून प्रेम करणारी माणसं आधी वनस्पती कोणती ते पक्कं करतात. उरलेले 'नैसर्गिक' लिहिलेलं पाकीट फोडतात.

आणि नैसर्गिक म्हणजे तरी काय? पीसी-स्पेस नावाचं आठ वनस्पतींचं चिनी पद्धतीचं मिश्रण अमेरिकेत प्रोस्टेटच्या रुग्णांमध्ये फार लोकप्रिय होतं. गुणही येत होता. तपासलं तेव्हा त्यात रक्त पातळ करणारं वॉरफरिन, कृत्रिम स्त्री-संप्रेरक आणि इंडोमेथसिन सापडलं. २००२ मध्ये ते बाजारातून काढून घ्यावं लागलं. म्हणजे ज्या झाडपाल्याची कौतुकं चालली होती, त्याच्या आड नेहमीची रसायनंच काम करत होती. एखाद्या 'शुद्ध वनस्पतिजन्य' गोळीने दोन तासांत जळजळ थांबली, तर माझ्या मनात पहिली शंका हीच येते.

"मला फरक पडला." पडला असेल. निरोगी तरुण बाईच्या मूत्राशयाचा साधा संसर्ग पुष्कळदा आपोआप बरा होतो. जर्मनीत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही बायकांना अँटिबायोटिक दिलं आणि काहींना नुसती दुखणं कमी करणारी आयब्युप्रोफेन. आयब्युप्रोफेनवाल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींना पुढे अँटिबायोटिक लागलंच नाही. म्हणजे त्या आठवड्यात तुम्ही चिनी काढा घ्या, कोकम सरबत घ्या नाहीतर शेजारच्या मावशींचा आशीर्वाद घ्या, तिघींतल्या दोघी त्याचे गोडवे गाणारच. प्रश्न तिसरीचा आहे. त्याच चाचणीत आयब्युप्रोफेनच्या गटात संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढण्याचे प्रसंग अँटिबायोटिकच्या गटापेक्षा जास्त होते. युरोपातल्या उव्हा उर्सी ह्या लघवीवरच्या प्रसिद्ध पाल्याची पुढे अशीच चाचणी झाली आणि साधारण तेच दिसलं. अँटिबायोटिक कमी लागलं, पण त्रास जास्त दिवस राहिला आणि मूत्रपिंडाला संसर्ग जास्त जणींना झाला. ती तिसरी बाई आपला अनुभव सांगायला येत नाही. ती तोवर थंडी वाजून, कंबर धरून, सलाईन लावून पडलेली असते. गरोदर असेल, मधुमेही असेल, तर आणखी वाईट. अनुभवाचे दाखले गोळा करणाऱ्यांनी हिला कधी विचारलं आहे?

लघवीच्या वारंवार होणाऱ्या संसर्गावर चिनी वनौषधींच्या चाचण्या झालेल्याच नाहीत असं नाही. चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन ह्या संस्थेने २०१५ मध्ये त्या एकत्र करून पाहिल्या. हाती लागल्या सात चाचण्या आणि सगळ्या मिळून २८२ बायका. सातही चाचण्यांत निकाल एका बाजूला झुकलेला असण्याची शक्यता मोठी. समीक्षकांनी उपयोग असू शकेल असं म्हणून पक्का निष्कर्ष टाळला. पाच हजार वर्षं, कोट्यवधी बायका, आणि कागदावर २८२! एवढ्या थोर परंपरेच्या वारसांना ह्याची लाज वाटायला हवी. इथे उलट त्याचाच अभिमान मिरवला जातो.

सुयांचं थोडक्यात. अ‍ॅक्युपंक्चरवर माझा राग कमी आहे, कारण सुईतून वेल पोटात जात नाही. नॉर्वेत १९९८ मध्ये ६७ बायकांवर छोटा अभ्यास झाला, त्यात वारंवार होणारा संसर्ग कमी झालेला दिसला. ६७ म्हणजे ६७, त्यावर इमारत बांधू नये. २०१७ मध्ये चीनमधली ५०४ बायकांची चाचणी 'जामा'त आली. खोकताना-हसताना लघवी सुटण्याच्या त्रासात विजेच्या सुयांनी फरक पडल्याचं तिने दाखवलं. हा स्नायूंचा त्रास आहे, जंतूंचा नव्हे. पण दवाखान्यातला माणूस हाच अभ्यास जंतुसंसर्गाच्या रुग्णाला दाखवतो आणि रुग्ण मान डोलावतो.

आता त्यांचा सगळ्यांत वजनदार मुद्दा, अँटिबायोटिकांनी लावलेली वाट. ह्यात तथ्य आहे आणि ते मी लपवणार नाही. उलट माझ्याकडे त्यांच्याहून मोठा दाखला आहे. जंतूला अँटिबायोटिकांना दाद न देण्याचं बळ देणारं, जगभर गाजलेलं एनडीएम-१ हे जनुक सापडलं ते २००८ मध्ये, दिल्लीला जाऊन आलेल्या स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीतल्या जंतूत. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये 'जळजळ होतेय' म्हटलं की सिप्रो नाहीतर नॉरफ्लॉक्सची पट्टी हातात पडते. दोन गोळ्यांनी बरं वाटलं की उरलेली पट्टी फ्रीजवर. काही अँटिबायोटिकं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केलेला शेड्यूल एच-वन हा नियम १ मार्च २०१४ पासून लागू आहे, पण काउंटरवर तो कुणाला आठवतो? मग ह्यावर इलाज काय? जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं हे आधी पाहणं. लघवीचं कल्चर. हेब्बाळला १९७३ पासून बाप्टिस्ट हॉस्पिटल आहे, शिवाय मोठमोठी रुग्णालयं आणि गल्लोगल्ली लॅब आहेत. बाटलीत नमुना द्यायचा, दोन-तीन दिवस थांबायचं. साध्या संसर्गाला नायट्रोफुरँटॉइनचे पाच दिवस किंवा फॉस्फोमायसिनची एक पुडी पुरते, आणि तीही डॉक्टरांनी लिहून दिलेली. चुकीचं अँटिबायोटिक घेतलं ह्यावर उपाय म्हणून न तपासलेली वेल घ्यायची, हा कुठला न्याय?

ही मंडळी 'मूळ, मूळ' म्हणतात ना, चला मुळाशीच जाऊ. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पुरुषाचा साधारण वीस. आतड्यातला ई. कोलाय तिथवर सहज पोचतो. पाणी कमी प्यायलं आणि लघवी तासन्‌तास रोखली, की त्याला वाढायला निवांत वेळ मिळतो. २०१८ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. वारंवार त्रास होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० बायकांपैकी निम्म्या जणींना रोज दीड लिटर जादा पाणी प्यायला लावलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. पाण्याला पेटंट नाही, सबब औषध कंपन्यांचं कारस्थान इथे लावता येणार नाही. क्रॅनबेरीचा रस किंवा गोळ्या वारंवार त्रास होणाऱ्या बायकांना काही प्रमाणात उपयोगी पडतात, असं कोक्रेनने २०२३ मध्ये म्हटलं. क्रॅनबेरीसुद्धा झाडालाच लागते. तपासून निघाली की आम्ही झाडपाला मुकाट्याने स्वीकारतो, ह्याची कृपया नोंद घ्यावी. पण दीड लिटर पाणी प्यायलेली बाई हेब्बाळच्या उड्डाणपुलाखाली बसमध्ये अडकली तर जाणार कुठे? कामाच्या ठिकाणी दार नीट न लागणारं एकच स्वच्छतागृह असेल तर ती पाणी पिईल कशाला? मूळ हे आहे. ते ऑफिसात भांडून, महानगरपालिकेला धारेवर धरून काढावं लागतं. त्यापेक्षा दमट उष्णतेला दोष देणं सोयीचं, कारण उष्णतेला कुणी वरिष्ठ नसतो.

मग नोबेल येतं. "तू यूयू बाईंना २०१५ मध्ये कशासाठी मिळालं?" न तपासता गिळण्यासाठी तर खासच नव्हे. गे होंगच्या चौथ्या शतकातल्या ग्रंथातून त्यांनी मलेरियावरच्या औषधाचा सुगावा घेतला, पण त्यांच्या चमूने शेकडो अर्क करून पाहिले आणि बहुतेक फेकले. उकळून काढलेल्या अर्कात गुण टिकत नाही असं दिसल्यावर कमी तापमानाला ईथरने अर्क काढला. १९७१ मध्ये १९१ क्रमांकाचा नमुना चालला. तो आधी प्राण्यांना दिला, मग स्वतः घेतला, मग रुग्णांना. परंपरेतल्या शेकडो गोष्टी कचऱ्यात टाकायची हिंमत होती म्हणून एक हाती लागली. तू यूयूंचं नाव घेऊन न तपासलेली बाटली विकणारा माणूस त्यांचाच अपमान करतो.

आणि मराठी माणूस असेल तर डॉ. कोटणिसांना मध्ये आणल्याशिवाय राहत नाही. "आपला सोलापूरचा माणूस चिनी वैद्यकासाठी जीव देऊन बसला!" काय सांगता? द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून शिकले आणि १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. कोटणीस तिथे शस्त्रक्रिया करत होते, आघाडीवरच्या जखमींवर, दिवस-रात्र. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले ते बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख असताना. चीनने त्यांना डोक्यावर घेतलं ते त्यांच्या हातातल्या चाकूसाठी. भारतात अ‍ॅक्युपंक्चर आणलं ते त्याच पथकातल्या डॉ. बिजयकुमार बसूंनी, आणि तेही नंतर, पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस. कोटणिसांचं नाव सुयांना चिकटवायचं असेल तर खुशाल चिकटवा. इतिहास म्हणून सांगू नका.

चीनवर तोंडसुख घेऊन झालं की काही जण खूश होतात: "म्हणून तर आम्ही आपला आयुर्वेदच घेतो!" त्यांनी इतक्यात खूश होऊ नये. किडामारी आणि सापसंद ह्या आपल्याकडच्या वनस्पती अ‍ॅरिस्टोलोकियाच्याच जाती आहेत. कायद्याचं म्हणाल तर औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतला २०१० चा १५८-ब हा नियम वाचून पाहा. ग्रंथात सांगितलेलं औषध ग्रंथात सांगितलेल्याच उपयोगासाठी बनवलं, तर परवान्यासाठी सुरक्षिततेचा अभ्यास मागितला जात नाही. ग्रंथाचा दाखला पुरतो. आमच्या वसाहतीतल्या गप्पांमधलं 'जुनं आहे म्हणजे तपासलेलं आहे' हे वाक्य ह्या देशात कायदा होऊन बसलं आहे. मुतखड्यावर शस्त्र चालवण्याचं वर्णन करणारा सुश्रुत मात्र इतका बेफिकीर नव्हता. न केलं तर मृत्यू ठरलेला, केलं तरी यशाची खात्री नाही, म्हणून आधी राजाची परवानगी घ्या, असं तो बजावतो. अपाय नाही असं त्याने कुठेच म्हटलेलं नाही. ती आपण नंतर घातलेली भर.

तेव्हा पुढच्या वेळी ती बाटली माझ्यापुढे सरकवणाऱ्यांनी सोबत चार कागद आणावेत. आतल्या प्रत्येक वनस्पतीचं शास्त्रीय नाव. ती तीच आहे हे कुणी, कोणत्या नमुन्याशी ताडून ठरवलं. ह्या घाण्यातल्या मालात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल, शिसं, पारा आणि छुपी रसायनं नाहीत असा प्रयोगशाळेचा अहवाल. आणि हे औषध घेणाऱ्या व न घेणाऱ्या बायकांची काही वर्षांनी तपासलेली क्रिएटिनिनची तुलना. चौथा कागद कुणाकडेच नसतो हे मला ठाऊक आहे. नऊशे वर्षांत तो कुणी बनवला नाही आणि बनवण्याची गरज कुणाला वाटली नाही, एवढंच ह्या प्राचीनतेतून सिद्ध होतं. माणसं फसतात ती वर्षांच्या आकड्याला, आणि हा एक आकडा सोडला तर विकणाऱ्याकडे दुसरं काही नसतं. तोवर माझा नमुना लॅबमध्ये जाईल, आणि ऑफिसच्या स्वच्छतागृहाला कडी बसवण्याचा अर्ज मी तिसऱ्यांदा देईन.